ओहोळावर स्वतःच्या खर्चाने मातीचं छोटं धरण बांधलं तर बागेत घुसणारं पाणी थांबेल का? (दिंडोरी, नाशिक)

बागायतदार_दिंडोरी:

नमस्कार मंडळी, जरा मोठं लिहितोय, वाचा आणि खरं काय ते सांगा. आमचं वावर दिंडोरी तालुक्यात डोंगराच्या पायथ्याला, एकूण ११ एकर, त्यात ६ एकर द्राक्षबाग. डोंगरावरून एक ओहोळ येतो, आमच्या गटातून जातो आणि खाली अर्ध्या किलोमीटरवर मोठ्या नाल्याला मिळतो. आठ महिने कोरडा ठाक. पण पावसाळ्यात दोन-तीनदा असा येतो की विचारू नका. मागच्या सप्टेंबरच्या शेवटी गोडी छाटणी (फळासाठीची) होऊन दहा-बारा दिवस झालेले, डोळे फुटायला लागलेले, आणि रात्री दोनला डोंगरावर पाऊस कोसळला तो पाणी ओहोळ सोडून सरळ बागेत. सकाळी बघतो तर ओहोळाकडच्या चार ओळींचे बोद, म्हणजे वेलींखालचे मातीचे वरंबे, गायब, मुळ्या उघड्या, ठिबकच्या नळ्या अँगलला गुंडाळलेल्या आणि वर गोट्यांचा थर. आईने तर बागेकडे यायचंच बंद केलं आठवडाभर.

आता डोक्यात असं आहे की ओहोळ आमच्या हद्दीत शिरतो तिथे दोन्ही बाजूला उंचवटा आहे, मधे ४० मीटरची खिंड, तिथे ४ मीटर उंच मातीची भिंत घालायची. जेसीबीवाला म्हणतो दोन दिवसांचं काम आहे, तिथलीच माती उचलायची आणि तिथेच लावायची. वडील म्हणतात पूर पण थांबेल, विहिरीला पाझर पण लागेल आणि उन्हाळ्यात बागेला पाणी पण राहील. मोबाईलवर मोजलं तर वरचा डोंगर साधारण ४० हेक्टर भरतो. काढणी झाली की काम सुरू करायचा विचार आहे. माती कुठली घ्यावी, परवानगी लागते का आणि मुळात पूर थांबतो का, अनुभव असेल त्यांनी सांगा.

पोकलेन_प्रेमी:

दोन दिवसांचं काम म्हणणाऱ्या जेसीबीवाल्याला तिसऱ्या दिवशी फोन लावून बघा भो, उचलला तर मला पण नंबर द्या 😀

निवृत्त_शाखा_अभियंता:

भाऊ, पाटबंधारे खात्यात ३१ वर्षं गेली, त्यामुळे आधी कडू बोलतो, राग मानू नका.

तुमचा हिशोब करून बघू. ४० हेक्टरवर एका रात्रीत १०० मिलिमीटर पाऊस झाला आणि त्यातलं निम्मं जमिनीत मुरलं असं धरलं तरी वाहून येणारं पाणी २०,००० घनमीटर. आता तुमची भिंत ४ मीटर, पण पाणी काठोकाठ भरू द्यायचं नसतं, वर पाऊण-एक मीटर मोकळं ठेवावं लागतं, म्हणजे खोली धरा ३.२ मीटर. ओहोळाला शेकडा २ चा उतार असेल तर पाणी मागे १६० मीटर तुंबेल. खिंड ४० मीटर. जागा वर निमुळती होत जाते म्हणून गुणाकार करून त्याचा सहावा-पाचवा भाग धरायचा, साडेतीन-चार हजार घनमीटर. म्हणजे आलेल्या पाण्याच्या पाचवा हिस्सा. डोंगरावरून नुसतं १० मिलिमीटर पाणी वाहून आलं की तुमचं धरण भरलं. त्यानंतर जेवढं वरून येईल तेवढंच सांडव्यावरून, म्हणजे जादा पाण्यासाठी ठेवलेल्या वाटेने, खाली जाणार, भिंत असून नसून सारखीच.

त्यातही वडिलांच्या म्हणण्याप्रमाणे उन्हाळ्यासाठी पाणी साठवून ठेवायचं असेल तर सप्टेंबरच्या शेवटी ते धरण आधीच भरलेलं असणार. भरलेला माठ आणखी पाणी घेत नाही. पुरासाठी धरण रिकामं पाहिजे आणि सिंचनासाठी भरलेलं, ही भांडणं मोठ्या धरणांवर पण दर वर्षी होतात, गंगापूरचं पाणी कधी सोडायचं यावरून आपण नाशिककर बघतोच की. त्यांच्याकडे निदान दरवाजे आहेत, तुमच्याकडे काय आहे?

आता सांडवा. लोक भिंतीवर खर्च करतात आणि सांडवा विसरतात. मातीची भिंत पाण्याचा दाब सहन करते, अंगावरून वाहणारं पाणी सहन करत नाही, माथ्यावरून एकदा पाणी सुटलं की काही तासांत, छोट्या बांधाचं तर अर्ध्या तासात काम संपतं. तासाला १०० मिलिमीटरच्या वेगाने सर आली तर ४० हेक्टरवरून सेकंदाला साडेपाच घनमीटर पाणी येऊ शकतं. सांडव्यावर अर्धा मीटर धार धरली तर त्याला कमीत कमी १० मीटर रुंद सांडवा लागतो, तो पण भरावात नाही तर बाजूच्या पक्क्या मुरमात खोदलेला, आणि त्याचं पाणी भिंतीच्या पायथ्याशी न येता लांबून ओहोळात गेलं पाहिजे. १० मीटर जागा आहे का बाजूला ते आधी टेपने बघा.

मातीचं विचारलंत. काळी माती पाणी अडवते खरी पण ओली झाली की फुगते आणि वाळली की भेगाळते. म्हणून आपल्याकडे काळी माती मधे गाभ्यात आणि बाहेरून मुरमाचं कवच. पायाखालची वरची माती, मुळं, कचरा सगळा काढून मधोमध चर खोदायचा, कठीण मुरूम किंवा खडक लागेपर्यंत, आणि तो काळ्या मातीने कुटून भरायचा, नाहीतर पाणी भिंतीखालून जातं. भरणी २०-२५ सेंटिमीटरच्या थरात, प्रत्येक थरावर पाणी मारून रोलर. मुठीत माती दाबली की लाडू वळला पाहिजे आणि हाताला चिखल लागता कामा नये, एवढी ओल. मे महिन्यात कोरडी ढेकळं टाकून त्यावरून जेसीबी फिरवला म्हणजे दबाई झाली असं नसतं, आत पोकळ्या राहतात आणि पहिल्या पाण्याला भिंत बसते. नाशिकला येताना दिंडोरी रोडवर मेरी ही सरकारी अभियांत्रिकी संशोधन संस्था लागते ना, तिथे माती तपासणीची प्रयोगशाळा आहे, तिथे मातीचे नमुने घेऊन एवढं काम चालतं ते उगाच नाही.

आणखी एक. २०२१ चा धरण सुरक्षा कायदा १५ मीटरच्या वरच्या धरणांना लागतो, आणि १० ते १५ मीटरमधल्या काहींना. तुमच्या ४ मीटरच्या भिंतीकडे बघायला कोणी येणार नाही, पावसाळ्याआधी आणि नंतर तुम्हालाच चालत जाऊन बघावं लागेल, घुशींची बिळं, बाभळी उगवल्यात का, खालच्या बाजूला ओल दिसते का, आणि पाझर गढूळ आहे की नितळ. नितळ असेल तर नजर ठेवा. गढूळ असेल तर आतली माती निघून चालली आहे असं समजा आणि खालच्या लोकांना उठवा.

गोदाकाठ_चांदोरी:

बिळांवरून आठवलं, २०१९ च्या जुलैत तिकडे चिपळूणला तिवरे धरण फुटलं तेव्हा खेकड्यांनी धरण पोखरलं असं मंत्री म्हणाले होते, आमच्याकडे अजून कोणाची विहीर ढासळली की लोक म्हणतात खेकडं बघा आधी. माणसं गेली होती त्यात, म्हणून हसू पण येत नाही.

बाकी आम्ही चांदोरी-सायखेड्याचे लोक, आम्हाला पुराचं कौतुक नका सांगू. तिकडे नाशिकला नदीपात्रातल्या दुतोंड्या मारुतीच्या छातीला पाणी लागलं की नाशिककर फोटो काढायला गंगेवर, म्हणजे गोदावरीवर, जातात आणि आम्ही इकडे धान्याची पोती माळ्यावर टाकतो. गंगापूर, दारणा दोन्ही धरणांचं सोडलेलं पाणी आमच्या अंगणातून नांदूर मधमेश्वरच्या बंधाऱ्यात जातं, आणि तो बंधारा इंग्रजांच्या काळातला, गाळाने एवढा भरला की पक्षी राहायला आले आणि २०२० ला रामसरच्या, म्हणजे जगातल्या महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या, यादीत नाव लागलं. पक्ष्यांचं चांगलं झालं, आमचं पाणी मागे सरकतं.

म्हणून सांगतो, तुमच्या एका ओहोळावरच्या भिंतीने खालच्या गावाचा पूर कमी होतो असं कोणी सांगितलं तर ऐकू नका. तुमच्या बागेपुरता फरक पडेल फार तर. आणि एक प्रश्न, दादा, तुमचा ओहोळ बागेजवळ रुंद किती आहे? पाणी ओहोळ सोडून बागेत आलं म्हणता तर ओहोळात ते मावलं का नाही?

मूळ_पंचवटी:

अभियंता साहेबांचं पटलं पण भिंत रिकामी ठेवूनच बांधता येते की. मी अमेरिकेत ओहायोमधे राहतो, इथे डेटन नावाच्या शहरात १९१३ ला भयंकर पूर आला, साडेतीनशेच्या वर माणसं गेली. लोकांनी सरकारची वाट न बघता स्वतः २० लाख डॉलरच्या वर वर्गणीचे शब्द दिले आणि आर्थर मॉर्गन नावाच्या इंजिनिअरने १९२२ पर्यंत मातीची पाच धरणं बांधून दिली. गंमत अशी की त्यातल्या एकातही पाणी नसतं! खाली कायम उघडी वाट ठेवलेली, दरवाजा नाही की माणूस नाही. नदी रोज त्यातून वाहते, पूर आला की वाटेत मावेल तेवढंच पाणी पुढे जातं, बाकीचं मागे तुंबतं आणि दोन-चार दिवसांत निघून जातं. मागच्या जमिनीवर लोक शेती करतात. शंभर वर्षं झाली, अजून चालू आहेत. तुम्ही पण भिंतीला तळाशी १२ इंची पाईप टाका आणि विषय संपवा.

निवृत्त_शाखा_अभियंता:

पंचवटीकर, तत्त्व बरोबर आहे, आणि छोट्या अचानक सरीला तर नक्की उपयोग होतो. अर्ध्या तासात ३० मिलिमीटर पडला तर वाहून येणारं पाणी ६,००० घनमीटर, त्यातलं बरंचसं ४,००० च्या रिकाम्या धरणात थांबेल आणि १२ इंची पाईपातून सेकंदाला ३०० लिटरपर्यंत सोडत पाच-सहा तासांत रिकामं होईल. बागेत घुसणारा लोंढा तेवढा मोडेल. रात्रभरच्या पावसाला मात्र सांडवाच.

पण विषय संपत नाही, तिथेच सुरू होतो. मातीच्या भिंतीतून पाईप नेला की पाणी पाईपाच्या आतून कमी आणि बाहेरून जास्त वाट शोधतं. पाईपाच्या खालच्या अंगाला रोलर पोचत नाही, तिथली माती कच्ची राहते. १२ जुलै १९६१ ला पानशेत गेलं ते माथ्यावरून पाणी जाऊन गेलं, पण माथा आधी खचला होता तो धरणाखालून जाणाऱ्या विमोचकाच्या, म्हणजे पाणी सोडायच्या मोरीच्या, वरच. जवानांनी रात्रभर वाळूची पोती रचली तरी थांबलं नाही. पाईप टाकायचाच तर सिमेंट काँक्रीटच्या वेष्टनात, खालच्या टोकाला पाईपाभोवती धुतलेली वाळू आणि खडी, म्हणजे पाझरलं तरी माती येणार नाही. तोंडाला तिरपी जाळी, कारण तुमच्याकडे वरून काय येणार ते मला माहितीये, छाटणीच्या काड्या आणि मल्चिंग पेपर, एका रात्रीत तोंड बंद.

आणि रिकाम्या धरणाची आपल्याकडची खास भानगड अशी की काळ्या मातीची भिंत ऑक्टोबर ते मे उन्हात कोरडी पडते, हात जाईल एवढ्या भेगा पडतात, आणि जूनचा पहिला लोंढा त्या भेगांतूनच आत शिरतो. म्हणून वरून मुरमाचं जाड पांघरूण आणि गवत. माझं विचाराल तर एवढ्या छोट्या ओहोळावर मातीच्या नादी न लागता दगडी नाहीतर सिमेंटचा ठेंगणा नाला बांध घाला, मधे उभी फट ठेवून. त्याच्यावरून पाणी गेलं तरी तो जागेवर राहतो.

सिन्नरी_कांदा:

पाईपाचं साहेब बोलले ते मी भोगलंय म्हणून लिहितो, एरवी मी इथे नुसता वाचतो. आमच्याकडे असाच खाजगी बांध घातला होता, साडेतीन मीटरचा, जेसीबी लावून पाच दिवसांत, मधून ८ इंची पीव्हीसी पाईप, व्हॉल्व्ह लावून. पहिल्या वर्षी सगळं गाव बघायला आलं, पोरं पोहली, सरपंचाने फोटो काढला. दुसऱ्या वर्षी खालच्या अंगाला पाईपाच्या बाजूने बोटाएवढी धार दिसली, चहाच्या रंगाची, मी म्हटलं पाझर आहे, विहिरीला चांगलंच आहे. दुपारी तीनला बघितली, संध्याकाळी सातला मनगटाएवढी, नऊला आवाज झाला. आवाज म्हणजे काय सांगू, ट्रक रिकामा करतात ना खडीचा, तसा.

पाणी गेलं ते चुलत्याच्या कांदा चाळीत. माणूस कोणी नव्हतं तिथे एवढीच देवाची कृपा, कारण एरवी त्यांचा गडी चाळीशेजारीच झोपायचा, त्या दिवशी गावात भजन होतं. चाळीतला सगळा उन्हाळ कांदा गेला. चार माणसं बसवून भरपाई ठरली, दोन हप्त्यांत दिली, पण चुलते दोन वर्षं बोलले नाहीत, बहिणीच्या लग्नात आले ते अक्षता टाकून परस्पर गेले. नुसता नैसर्गिक पूर आला असता तर चाळीत गुडघाभर पाणी शिरलं असतं. माझ्या बांधाने गुडघाभराचं पुरुषभर करून दिलं. बांध घालायच्या आधी खाली कोण राहतं, रात्री कोण झोपतं तिथे, ते बघून या भाऊ.

काळा_कोट:

वरच्यांचा अनुभव वाचून वाईट वाटलं. कायद्याचं थोडक्यात सांगतो. १८६८ चा इंग्लंडमधला रायलँड्स विरुद्ध फ्लेचर खटला आम्हाला पहिल्या वर्षाला शिकवतात तो अगदी असाच आहे. गिरणीवाल्याने स्वतःच्या जागेत तळं बांधलं, काम ठेकेदाराने केलं, खाली जुन्या खाणीचे बुजलेले खड्डे निघाले, पाणी त्यातून शेजाऱ्याच्या खाणीत गेलं. गिरणीवाल्याची स्वतःची काही चूक नव्हती तरी भरपाई त्यालाच द्यावी लागली. आपली कोर्टं पण हे तत्त्व वापरतात. म्हणजे जेसीबीवाल्याने केलं असं म्हणून सुटका नाही.

दुसरं, ओहोळ तुमच्या गटातून जातो म्हणून तुमचा होत नाही. जमीन महसूल संहिता १९६६, कलम २०, नदी-नाल्यांचे तळ आणि वाहतं पाणी शासनाचं. सातबाऱ्यावर पोटखराबा, म्हणजे लागवडीला न येणारी जागा, किती लावलाय ते बघा, त्यात ओहोळाची जागा असते. त्यावर बांधकाम करायचं तर ग्रामपंचायत, तलाठी आणि जलसंधारणवाले यांच्याकडे लेखी अर्ज करूनच. मुरूम बाहेरून आणणार असाल तर रॉयल्टीची पावती जपून ठेवा.

आणि सगळ्यांच्या नजरेतून एक गोष्ट सुटली. ओहोळ तुमच्या हद्दीत शिरतो तिथेच भिंत म्हणताय. साहेब म्हणतात पाणी मागे १६० मीटर तुंबेल. ते तुंबणार कोणाच्या जमिनीत?

बागायतदार_दिंडोरी:

वकील साहेब, तुम्ही रात्रीची झोप घालवली. वर वनखात्याचा डोंगर आहे, म्हणजे तळं सगळं त्यांच्या हद्दीत होणार. भिंत १६० मीटर खाली आणायची तर ती बागेच्या मधोमध येते. हे मला स्वतःला दिसायला पाहिजे होतं, लाज वाटली.

काळा_कोट:

वनजमिनीत पाणी तुंबवायचं म्हणजे १९८० चा वन संवर्धन कायदा आला. तो नाद सोडा. चांदोरीकरांच्या प्रश्नाचं उत्तर मात्र तुम्ही अजून दिलं नाही.

निवृत्त_शाखा_अभियंता:

उन्हाळ्याच्या पाण्याचं म्हणाल तर ओहोळाच्या बाजूला शेततळं घ्या, ओहोळात नाही. ३० बाय ३० आणि ३ मीटर खोल, बाजूंना १:१ उतार धरला तरी २२ लाख लिटर बसतं. ओहोळातून छोटी चारी काढून भरायचं, भरलं की चारी बंद. पुराचं काम वेगळं आणि साठ्याचं वेगळं. वडिलांना माझा नमस्कार सांगून एवढं पटवा. आणि वर डोंगरावर वनखात्याकडून पाणी मुरवायला सलग समतल चर होतात का ते गावातर्फे विचारा, ग्रामसभेचा ठराव लावून.

बागायतदार_दिंडोरी:

तीन आठवड्यांनी लिहितोय, काढणी चालू आहे म्हणून वेळ नव्हता. चांदोरीकर दादा, तुमच्या प्रश्नाचं उत्तर टेप घेऊन मोजून आलो. बागेजवळ ओहोळ साडेतीन मीटर रुंद आहे. वरती खिंडीत ९ मीटर. खाली आमची हद्द संपते तिथे पण साडेआठच्या आसपास. मधेच बारीक कसा झाला म्हणून आजोबांच्या ट्रंकेतून जुन्या मोजणीची क-प्रत, म्हणजे मोजणीचा नकाशा, काढली, तर त्यात आमच्या गटात ओहोळ सरळ एकसारखा दाखवलाय आणि पोटखराबा आत्ता आम्ही धरतो त्याच्यापेक्षा जास्त.

मग आठवलं. २००९ ला बाग वाढवली तेव्हा मी बारावीला होतो, सुट्टीत मीच ट्रॅक्टरवर बसून ओहोळाच्या कडेला भराव टाकलाय. चार ओळी वाढल्या त्या भरावावर. वाहून गेल्या त्या त्याच चार ओळी.

भिंत रद्द. काढणी झाली की त्या चार ओळी काढून ओहोळाला त्याची जागा द्यायची, कडेला दगड लावून हरळी लावायची, आणि पलीकडे पडीक तुकड्यात शेततळं. सिन्नरच्या दादांनी सांगितलं म्हणून खाली पण जाऊन आलो, आमच्याखाली दोन वस्त्या आहेत, एकीत म्हातारी एकटी असते, मला माहीतच नव्हतं.

वडिलांना क-प्रत दाखवली. त्यांनी चष्मा पुसून दोनदा बघितली, म्हणाले ह्या चार ओळींचा माल सगळ्यात गोड असतो. मग बराच वेळाने म्हणाले, काढ.

जेसीबीवाल्याला फोन केला, पहिल्याच रिंगला उचलला. म्हणे भिंत नाही तर नाही, अँगल उपटायचे आणि भराव काढायचा ना, दोन दिवसांचं काम आहे.